तीन सेलची बॅटरी आणि निळी रेघ

५ फेब्रुवारी, बुधवार

माफी असावी, फार उशिरा लिहितोय. पाच दिवस पान कोरं. कारखान्यात बॉयलरची वही अशी कोरी राहिली असती तर साहेबाने मला उभा जाळला असता. पण तिथे नुसता बॉयलर होता. इथे हिचा पाय आहे.

शनिवारी हिच्या डाव्या पायाच्या करंगळीशी फोड दिसला. रविवारी फुटला. हिला पत्ताच नाही! साखरेने दोन वर्षांपासून पाय बधीर झालेत. चपलेत खडा घेऊन बाजारभर हिंडून येते आणि वर मलाच विचारते, 'तुम्ही का लंगडताय?'

सोमवारी दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. पट्टी कशी बदलायची ते दाखवलं. मग निळं पेन काढलं आणि लाली जिथे संपत होती तिथे कातडीवरच रेघ ओढली. म्हणाल्या — आजोबा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचं. लाली रेघेच्या आत आहे तोवर गोळ्यांवर भागेल. बाहेर आली तर त्याच दिवशी आणायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी! उशीर झाला तर करंगळीवर भागणार नाही. वर चढत जातं ते.

एवढं सांगून स्वतः पंधरा दिवस रजेवर गेल्या. लेक बाळंत व्हायचीय. त्यांना तरी काय बोलणार!

रेघ म्हटल्यावर मला जरा धीर आला. शिक्षण सातवी नापास, पण रेघ मला कळते. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरच्या पाण्याच्या काचेसमोर बसलो. काचेच्या बाजूला पितळेची पट्टी, तिच्यावर दोन रेघा कोरलेल्या. पाणी दोन्हींच्या मध्ये, तर सगळी माणसं संध्याकाळी आपापल्या घरी. खालच्या रेघेच्या खाली गेलं, तर — नको ते. वाफेत काच दिसायची नाही, म्हणून कारखान्याने मला तीन सेलची बॅटरी दिली होती. निवृत्त झालो तेव्हा कुणी परत मागितली नाही. ती आता हिच्या उशाशी.

आमची मागची खोली म्हणजे भर दुपारी संध्याकाळ. खिडकी उघडली की पलीकडच्या इमारतीची भिंत. छताचा दिवा लावला तर माझीच सावली पायावर. म्हणून बॅटरी.

काल बॅटरीत बघितलं तर लाली रेघेबाहेर! तोंडचं पाणी पळालं. रिक्षा करून नेलं. तिथल्या तरण्या डॉक्टरने पाय खिडकीशी वळवला, म्हणाला आतच आहे, घेऊन जा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज परत बाहेर दिसली. परत नेलं. परत काही नाही! डॉक्टर म्हणाला, 'आजोबा, आधी तुमचे डोळे तपासून घ्या.' रांगेतले लोक हसले.  परत आल्यावर दाराशी उतरताना ही म्हणाली — 'तिसऱ्यांदा मला तिथे नेलंत तर मी रिक्षात बसणार नाही. सांगून ठेवते.'

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलाचा फोन. तो आणि सूनबाई दुसऱ्या गावी, सहा तासांवर. हिने त्याला सगळं सांगितलेलं. 'बाबा, तुम्ही आईला रोगाने नाही, भीतीने माराल.' असं म्हणाला! मला! मग जरा निवला. विचारलं, बघता कशात? बॅटरी म्हटल्यावर हसला. 'ती अजून आहे? अहो, त्या पिवळ्या बल्बात पांढरी चादरसुद्धा तांबडी दिसेल. त्यात एलईडी टाकून घ्या.'

खरंच की. चादरीवर टाकून बघितली. तांबूस.

संध्याकाळी बल्बच गेला. जणू फोन ऐकत होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. मालकाला सगळे 'करंट' म्हणतात. बल्ब पुढे केला. त्याने उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाला, 'आजोबा, हा बनवणारेसुद्धा वर गेले असतील. आता मॉड्यूल टाकायचं.'

मॉड्यूल म्हणजे काय, तर खाली बल्बासारखंच पितळी बूड, आणि वर काचेच्या जागी मसुराएवढा ठिपका. जुन्या बल्बाच्याच जागी बसतं. बाकी बॅटरी तीच.

पण खणभर प्रकार! दोन सेलचं वेगळं, तीनचं वेगळं, सहाचं वेगळं. 'चुकीचं टाकलंत तर एक तर मिणमिणेल, नाहीतर धूर काढेल.' तीनचं मागितलं. त्यातही दोन निघाली. एक थंड पांढरं, एक पिवळसर. पांढऱ्याचा उजेड दुप्पट. पिवळसर कमी उजेडाचं आणि वर महाग!

मी म्हटलं, 'हे उलटं कसं?'

'त्यात रंग खरे दिसतात म्हणे. पण त्याला गिऱ्हाईक नाही. लोकांना उजेड पाहिजे, रंग घेऊन काय करायचेत? हे पांढरं घ्या, साठ मीटर फेकतं.'

'साठ मीटर काय करू? मला वीतभर पाहिजे.'

'वीतभर? बघायचंय काय?'

'बायकोचा पाय.'

दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. करंट म्हणाला, 'या वयात, आजोबा!'

मग मी सगळं सांगितलं. रेघेचंही. तेव्हा त्याचं तोंड उतरलं. दोन्ही मॉड्यूलं कागदात बांधून दिली. 'घरी लावून बघा. आजींना दाखवा. नको असेल ते परत आणा.' माणूस भला आहे, जीभ तेवढी सैल.

घरी येऊन पांढरं बसवलं. पेटेना! पिवळसर बसवलं. पेटेना! सेल काढले, पुसले, घातले. काही नाही. पंधरा वेळा केलं.  आज पाय बघायचा राहिला. बटणांच्या फोनचा उजेड टाकला, त्यात पाय आहे एवढंच कळलं!

९ फेब्रुवारी, रविवार

दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. करंटने सेल काढले, उलटे करून घातले. लख्ख!

'सेल उलटे घातले होतेत, आजोबा. जुन्या बल्बला चालायचं, कुठूनही वीज दिली तरी मुकाट जळायचा. एलईडीला डोकं कुठे नि शेपूट कुठे ते कळतं. बॉयलर असाच चालवायचात काय?'

एकतीस वर्षं सेल सुलटे घालत होतो की उलटे, तेही मला माहीत नाही. काय शिकलो मी आयुष्यात!

घरी येऊन दोन्ही लावून बघितली. भिंतीवर टाकली. पांढऱ्यात छताच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली, भिंतीतली खिळ्याची भोकं दिसली, हिच्या शिलाई मशीनवरची सोनेरी अक्षरं वाचता आली. पिवळसर लावलं आणि घरात दिवेलागणीची वेळ झाली. मला तर पिवळ्याचा धसकाच बसलाय. तरी हिला विचारलं.

'पांढरा ठेवा. पिवळ्यात मी आजारी दिसते.'

'आजारीच आहेस.'

'म्हणून काय दिसायलाही पाहिजे?'

पट्टी सोडली. पांढरा उजेड पायावर टाकला. लाली जवळजवळ नाहीच! नुसती मळकट सावली. रेघ मात्र टळटळीत निळी, आत्ता काढल्यासारखी. रेघेच्या आत दोन बोटं!

मी तिथेच खाली बसलो. रडू आलं. हिला दिसू नये म्हणून सेल पडलाय असं सांगून खाटेखाली शोधत राहिलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

पिवळसर मॉड्यूल करंटला परत केलं. 'आजींनी पांढरं पसंत केलं? शहाण्या आहेत.'

दोन बोटं आत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दोन बोटं आत. संध्याकाळी दोन बोटं आत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नव्या दिव्याचे दोन दोष सापडले. एक — दहा मिनिटं लावला की बूड तापतं आणि उजेड आपोआप उतरतो. दूध आणायला गेलो तेव्हा करंटला विचारलं. म्हणाला, 'तापलं की ते स्वतःला सांभाळतं. माणसासारखं नाही, जळून जाईपर्यंत चालायचं.' दुसरा — मधोमध काळा ठिपका पडतो, भोवती उजेडाचं कडं. जुन्या बल्बला डोकं पिळलं की उजेड एका जागी गोळा व्हायचा. याचा होत नाही. म्हणून बॅटरी तिरकी धरून, कड्याच्या काठाने बघावं लागतं. गुडघे टेकून, मान वाकडी करून बघतो.

ही म्हणते, 'लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली. माझ्या तोंडाकडे इतकं निरखून कधी बघितलं नाहीत!'

मी म्हटलं, 'तोंडावर रेघ नव्हती ना.'

फार दिवसांनी हसली. दीड बोट आत. जरा सरकली की काय? नाही, मीच तिरका बसलो असेन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन बोटं आत! उगाच घाबरलो होतो.

मुलाला फोन करून ऐटीत सांगितलं. 'बघा, नुसता दिवा बदलायचा होता' म्हणाला.

दुपारी ही आपणहून धाकट्या बहिणीचा विषय काढून बसली. तिला अंगठा काढायचा म्हणून नेलं होतं. परत आणली तेव्हा गुडघ्याखाली काही नव्हतं. 'चादर सपाट होती हो. एका बाजूला सपाट.' त्यानंतर ती दीड वर्ष जगली, पण खिडकीशीसुद्धा गेली नाही. मी म्हटलं, आता कशाला ते? तुझं चांगलं चाललंय. तर म्हणाली, 'चांगलंच चाललंय. म्हणून तर बोलता आलं मला.'

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ही जेवली नाही. दोन घास खाऊन ताट सरकवलं. दुपारी दोन गोधड्या घेतल्या. पायाला हात लावला तर गरम. तव्यासारखा नाही, पण गरम.

लगेच बॅटरी लावली. रेघेच्या आत! कडेकडेने दोनदा फिरवली. आत. पट्टीखालचं मळकटच दिसतंय, लाल नाही.

आता काय समजायचं? कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो — बॉयलरला हात लावून बघू नकोस, तो कधीही गरमच लागणार. काच बघ. काच सांगते ते खरं. मग इथे हाताचं कसं ऐकू?

आणि तिसऱ्यांदा नेऊन परत 'काही नाही' निघालं तर? दुधाने तोंड पोळलंय माझं. ही तर रिक्षातच बसणार नाही म्हणते. जीव नुसता टांगणीला लागलाय. उद्या सकाळी बघू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घाईघाईत लिहितोय. वाचता येईल की नाही कोण जाणे.

संध्याकाळी गोळी द्यायची वेळ. हिच्या गोळ्यांची दोन पाकिटं आहेत. एकावर लाल अक्षरं, ती जखमेची. दुसऱ्यावर चॉकलेटी, ती साखरेची. दोन्ही ट्रंकेवर होती. बॅटरी टाकली, पाकिटं हातात घेतली, आणि कुठली कुठली तेच कळेना! दोन्हींवरची अक्षरं एकच. मातकट. चष्मा पुसला. परत तेच. म्हटलं डॉक्टरचं खरं ठरलं, डोळे गेले.

दोन्ही घेऊन पुढच्या दारात गेलो. ऊन उतरलं होतं पण उजेड होता. एकावर लाल, एकावर चॉकलेटी. स्वच्छ! मिरचीसारखं लाल!

परत आत आलो, बॅटरी लावली — दोन्ही मातकट.

परत दारात — लाल.

चार वेळा आत-बाहेर केलं. मग उंबऱ्यात उभाच राहिलो.

या दिव्यात लाल दिसत नाही.

म्हणजे सहा दिवस मी काय बघत होतो? म्हणजे पाय?

करंट सांगत होता! रंग खरे दिसतात म्हणे! मी ऐकलं आणि भिंतीवरची जळमटं बघत बसलो! माझ्या हाताने परत केलं ते पिवळसर!

धावत कोपऱ्यावर गेलो. शटर खाली. कागद चिकटवलेला — बाहेरगावी, सोमवारी सकाळी उघडेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय काय केलं ते लिहितो, म्हणजे डोकं जागेवर राहील.

सकाळी दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन आलो. एक बंद. दुसरा म्हणाला, 'बॅटरीचं मॉड्यूल? नवीन बॅटरीच घ्या ना.' त्याची नवीन बॅटरी पेटवून गोळ्यांच्या पाकिटावर टाकली. मातकट! ती पण तसलीच. मी वेडा असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

घरी येऊन मेणबत्ती लावली. मेणबत्तीत पाय लाल. रेघेच्या आत लाल, बाहेर लाल, टाच लाल, माझा हातसुद्धा लाल. पिवळा दिवा एका बाजूने खोटं बोलतो, पांढरा दुसऱ्या बाजूने. मधलं कोण सांगणार? आगीतून फुफाट्यात!

मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'बाबा, फोटो पाठवा.' कशातून पाठवू? म्हणाला, 'मग नक्की काय ते बघून सांगा. आम्ही निघतो लगेच. पण नक्की सांगा.' नक्की! तेच तर मिळत नाही.

मग दुपारी डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाकिटं दारात नेऊन बघितली, तसा पाय दारात न्यायचा. हिला म्हटलं, चल, दोन पावलं, पुढच्या दारापर्यंत. आढेवेढे घ्यायला लागली. चक्कर येते. उद्या बघू. उंबऱ्यात बसून जगाला पाय दाखवू का? मी काखेत हात घालून उचलायला गेलो. माझं वय एकाहत्तर आणि हिचं वजन माझ्यापेक्षा जास्त. दोघं खाटेवर आडवे झालो. तिला हसू येईल असं वाटलं. ती रडत होती.

वरच्या मजल्यावरचा पोस्टमन अजून अंगाने दणकट आहे. पण तो लेकीकडे गेलाय, उद्या सकाळी येतो म्हणाली त्याची बायको.

ताप आहे. पाय गरम आहे. बॅटरी म्हणते, रेघेच्या आत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टमन आठला आला. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, 'वहिनी, तीस वर्षं मी लोकांची पार्सलं उचलली. तुम्ही त्यात हलक्यातल्या.' खुर्चीवर बसवलं, एका बाजूने तो, एका बाजूने मी.

मधल्या दाराशी हिने चौकट धरली. दोन्ही हातांनी! सोडेना. 'अहो, नको. उजेडात नका नेऊ मला. तुमच्या पाया पडते.' पाया पडते म्हणाली! उभ्या जन्मात माझ्यापुढे कधी वाकली नाही ही बाई. मी एक एक बोट सोडवलं. माझ्याकडून ते कसं झालं मला माहीत नाही. सोडवताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या दारात खुर्ची ठेवली. ऊन पायावर आलं.

लाल. जांभळट लाल. रेघ ओलांडून वर. मी बोटं लावली. चार बोटं! पोस्टमनने खिशातून फोन काढून गाडी बोलावली. मी हातातली बॅटरी पेटवली, उन्हातच. का पेटवली देव जाणे.

गाडीत ही शांत बसली होती. मीच बडबडत होतो. माझी चूक, दिव्याची चूक, करंट सांगत होता, मीच ऐकलं नाही. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'पुरे,' म्हणाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगा आणि सूनबाई काल दुपारी पोहोचले. हिला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलंय; सोबतीला एकच माणूस राहू देतात, तेही बाई. सूनबाई तिथे आहे. मला मुलाने घरी आणून सोडलं.

आज मोठे डॉक्टर भेटले. मी त्यांच्यापुढे सगळं ओकलो. पिवळा बल्ब, पांढरं मॉड्यूल, गोळ्यांची पाकिटं.  ऐकून ते म्हणाले, 'दिव्यावर इतका विचार मी माझ्या ऑपरेशनच्या खोलीतसुद्धा केला नव्हता, आजोबा.' चेष्टा नव्हती. मग विचारलं, रेघ कधीची? मी सांगितलं, तीन तारखेची. सिस्टरांनी माझ्यासमोर काढली. त्यांनी पाय बघितला, बोटांनी मोजलं. म्हणाले, 'म्हणजे पंधरा दिवसांत चार बोटं. सावकाश चाललंय. हे चांगलं आहे. करंगळी काढू, थोडं साफ करू. पाय राहील.'

पाय राहील!

मी त्यांचा हात धरला. सोडायचं लक्षात आलं नाही. उद्या सकाळी आठला नेणार.

करंटने दुकान उघडलंय. येताना आत डोकावलो. पिवळसर मॉड्यूल त्याने खणातून काढून समोर ठेवलं होतं. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. 'घेऊन जा, आजोबा. पट्टी बदलताना लागेल.' बसवलं. घरी आल्यावर गोळ्यांच्या पाकिटांवर टाकलं. लाल ते लाल, चॉकलेटी ते चॉकलेटी. दहा दिवसांपूर्वी हेच करायला काय झालं होतं मला! जाऊ दे. पाय राहील म्हणाले. आज जेवलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साडेसातला सिस्टरांचा फोन. रजेवरून आज आल्या, थेट वॉर्डात गेल्या. म्हणाल्या, 'आजोबा, माझी रेघ बोटांच्या मुळाशी होती. ही घोट्याच्या वर आहे. ही कुणी काढली?'

मी म्हटलं, रेघ हलत नाही, सिस्टर.

 त्या म्हणाल्या, स्पिरिटने पुसलं तर खाली आणखी पाच निघाल्या. पुसट. एकीच्या वर एक. तुम्ही दुधाला गेलात की आजी जुनी पुसून घरातल्या निळ्या पेनाने नवी काढत होत्या. आत्ता कबूल केलं. म्हणाल्या, 'ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटू दे बॅटरीचंच चुकलं.' रोज रेघेपासून बोटं मोजली मी, रेघ कुठे आहे ते कधी बघितलंच नाही.

मोठ्या डॉक्टरांना सिस्टरांनी लगेच सांगितलं. ते म्हणाले, मग चार बोटं नाहीत ही. मग आत गेल्यावरच ठरवू, कुठून ते.

आठला नेलं. आता दोन वाजून गेले. मुलाने मला घरीच थांबायला सांगितलंय, फोन समोर ठेवलाय.

मी रागावलेलो नाही ग. कुठून कापला तेही नको सांगूस. डोळे उघडलेस एवढं कळव. सूनबाईकडून कळव, सिस्टरांकडून कळव, कुणाकडूनही. पण लवकर कळव.